खडकामागचा ताटवा

दिवा जरा इकडे सरकवा. ती पेटी नजरेसमोर राहिलेली बरी.

परवा संध्याकाळी मी आणि बायको नेहमीसारखे टेकडीवर फिरायला गेलो होतो. वनस्पतिशास्त्र शिकवतो मी, पण नजर तिची तीक्ष्ण. खडकाच्या कुशीत तिलाच ते फूल दिसलं. राखाडी पाकळ्या, आत काळसर शिरा, आणि वास ओल्या मातीचा. उभ्या आयुष्यात मी असं फूल पाहिलं नव्हतं, ना टेकडीवर, ना पुस्तकात.

"एकच आहे हो," ती म्हणाली. "एकटं असलं की हात लावायचा नाही, असं तुम्हीच मुलांना सांगता ना?"

"फोटोच काढतो. तू हो पुढे."

ती वळणाआड गेली आणि मी पिशवीतल्या खुरप्याने ते मुळासकट उपटलं. नव्या जातीला माझं नाव लागणार, या विचारानेच तोंडाला पाणी सुटलं होतं. घरी ते वाळवायला टिपकागदांत घातलं, वर-खाली फळ्या लावून फुलं दाबायच्या पेटीचा पट्टा करकचून आवळला. मान वर केली, तर ती दारात उभी.

"अगं, खडकामागे अख्खा ताटवा आहे," मी ठोकून दिलं.

तिचा चेहरा असा खुलला, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग उद्या मलाही दाखवा!"

काल ती माझ्या आधीच खडकामागे पोचली आणि थिजून उभी राहिली. तिथे ताटवा होता… म्हणजे, असावा. आता नुसते खड्डे होते, ओले, ताजे, पार उतारापर्यंत. माझ्या खुरप्याचं टोक तुटकं आहे. प्रत्येक खड्ड्यात तीच तुटकी खूण.

"सगळी…? एकसुद्धा ठेवलं नाहीत…?"

"एकच होतं गं… ताटवा वगैरे काही नव्हताच. मी खोटं बोललो."

"मग हे…?"

आता माझं कुठलं बोलणं तिने खरं मानायचं? आज सकाळी ती बहिणीकडे निघून गेली. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पेटी मी उघडलेली नाही. आत एकच फूल आहे, शपथेवर सांगतो. पण फळ्यांतून ओल झिरपतेय… वास येतोय ना तुम्हालाही? पट्टा तुटायला आला म्हणून काल सैल केला. आज पुन्हा केला.

आता पट्ट्याची भोकं संपली.