टाकी भरेना

तिसगावात त्या उन्हाळ्यात पाणी पेट्रोलपेक्षा दुर्मीळ होतं. लढाईचे दिवस असले तरी पेट्रोल निदान कूपनावर मिळायचं. छगनशेटच्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीची पेट्रोलची टाकी गळायला लागली ती नेमकी मढीच्या जत्रेच्या तोंडावर, आणि शेटचा जीव टांगणीला लागला.

टाकी उतरवून कथलाचा डाग देऊन झाळायला घेतली नव्या मिस्त्रीनं, दानीएलनं. नगरला लष्कराच्या गाड्या दुरुस्त करताना तो एक हट्ट शिकून आला होता. टाकी पाण्यानं काठोकाठ भरल्याशिवाय तिच्याजवळ विस्तव न्यायचा नाही. रिकामी दिसली तरी तिच्यात पेट्रोलची वाफ दबा धरून असते. याच छपराखाली, याच टाकीला डाग देताना आधीचा मिस्त्री याकोब गेल्या साली भाजून मेला होता. पाणी वाचवायला त्यानं ती कोरडीच झाळायला घेतली होती.

आता पाणी आणायला त्याचीच विधवा बायको होती, मरिया. सकाळपासून खेपा घालून तिनं घागरी ओळीनं मांडल्या होत्या.

दानीएलनं गळती बुजवायला चिरेत साबण दाबला आणि घागर ओतली. मग दुसरी, तिसरी. एवढ्या पाण्यात टाकी भरायला हवी होती. त्यानं पातळी बघायला आत काडी घातली, ती कोरडी निघाली.

"खाली गळतंय का रं?" शेटनं विचारलं.

"न्हाई, मालक. जमीन कोरडी हाय."

"मग जातंय कुठं?"

दानीएलनं पुढची घागर उचलली. तो ओतत राहिला. पेट्रोलचा वास कमी व्हायचा तो वाढत चालला होता, डोळ्यांना झोंबत होता.

"पुरं झालं," शेट वैतागले. "लाव सळई."

"मी न्हाई लावनार. जीव जाईल."

"मग मी लावतो." शेटनं शेगडीतली तापलेली सळई उचलली.

दानीएलनं त्यांना हातानं थोपवलं आणि टाकीला कान लावला. आत घटघट चाललं होतं. मध्ये जरा थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. तहानलेला माणूस पिता पिता दम घेतो, अगदी तसंच. हवा निघत असेल, त्यानं स्वतःला समजावलं. पण त्याचे पाय दोन पावलं मागं सरले. तो भ्याला होता.

मरियानं शेवटची घागर उचलली.

"घरधनी भाजले त्या दिशी मला त्यांना पानी पाजू दिलं न्हाई," ती म्हणाली. "मालकांनी माझा हात धरला. म्हनले, भाजलेल्याला पानी द्यायचं नसतं. सांज हुईस्तवर मागत हुते ते."

"समदेच तसं म्हनतात," शेट पुटपुटले. सळई त्यांनी शेगडीत परत ठेवली.

मरिया टाकीवर वाकली. "प्या," ती हळूच म्हणाली, आणि धार धरली.

आवाज थांबला.

पाणी तोंडापर्यंत चढलं आणि तिथंच थरथरत राहिलं. वास पार गेला.

दानीएलनं मुकाट्यानं टाकी झाळली. काही झालं नाही. त्यानं शेगडी विझवली तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

शेटनं कपाळाचा घाम पुसला. "मरिया, घोटभर पानी दे गं."

घागरीच्या तळाशी थोडं उरलं होतं. मरियानं शेटकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग घागर जमिनीवर पालथी केली.

"तुमाला आता न्हाई देता यायचं, मालक."

"का गं?"

मरिया वळली. घागर कमरेवर घेऊन चालू लागली.

दानीएलला पुन्हा वास आला.

त्यानं टाकी हुंगली, चिंध्या हुंगल्या. तिथं वास नव्हता. वास शेटकडून येत होता, त्यांच्या कोरड्याठाक धोतरातून, सदऱ्यातून.

"येडी झालीय," शेट हसून म्हणाले आणि विडी ओठांत धरून खिसा चाचपू लागले.

दानीएल हाक मारत त्यांच्याकडे झेपावला.

काडी पेटीवर ओढल्याचा आवाज आला.