गाडी रात्री कुठे असते?

काचेवर टकटक झाली तेव्हा ती फोनवर भांडत होती. म्हणजे भांडत नव्हती, विमेवाल्या काकूंना समजावत होती. पण बंद काचेबाहेरून ते भांडणासारखंच दिसत असावं.

"काकू, मी आजवर एकदाही गाडी ठोकलेली नाही."

"अगं, तू आजवर गाडी चालवलीच नाहीस," स्पीकरवरून काकूंचा आवाज आला. काकू आईच्या जुन्या मैत्रीण. निम्म्या गल्लीचे विमे त्यांच्याकडे. "कंपनीला पूर्वेतिहास लागतो. तुझा कोराच आहे. लायसन्स नवं, वय लहान, रोजची धाव लांबची, तीही डोंगरातल्या रस्त्यांवर. वर गाडी रात्री उघड्यावर. तुमच्या त्या रस्त्यावर गेल्या वर्षी किती काचा फुटल्या, मला विचार. मग हप्ता चढणार नाही तर काय होणार?"

"यातलं मला बदलता काय येईल?"

"वय वाढेल आपोआप," काकू म्हणाल्या. "तोवर गाडीच्या डोक्यावर छप्पर आण. रात्री बंद शेडमध्ये असेल तर हप्ता बराच खाली येतो."

पुन्हा टकटक. तिने काच खाली केली. बाहेर पांढरा कोट, निळे हातमोजे, तोंडावर मास्क. माणूस म्हणून दिसत होते ते फक्त डोळे.

"तुमची गाडी माझ्या शटरसमोर आहे," ते डोळे म्हणाले. "मला निघायचंय. एका आजींची कवळी बसवायची आहे. जेवायच्या खोळंबल्यात त्या."

"सॉरी. काढते लगेच."

लगेच काही गाडी निघेना. बंद पडली. पुन्हा बंद पडली. मग निघाली, पण मागे जायची ती पुढे. मास्क किंचित हलला. तो हसला, की जांभई दिली, की नुसता श्वास सोडला... तिला कळलं नाही. पुढच्या साऱ्या गोंधळाची सुरुवात इथून झाली.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. आजवर तळघरात बसून दुसऱ्यांनी आणलेल्या बाटल्या तपासल्या होत्या. आता विहिरी, झरे, तलाव यांवर स्वतः जाऊन नमुने आणायची जागा रिकामी झाली होती, आणि ती तिला हवी होती. अट एकच: पहिल्या तारखेला स्वतःची, पूर्ण विम्याची गाडी दारात हवी. नाहीतर जागा दुसऱ्याला. साठवलेलं सगळं तिने एका जुन्या गाडीत घातलं होतं. गाडी जुनी म्हणजे विमाही स्वस्त, असं तिने धरलं होतं. गाडी जुनी असली तरी चालवणारी नवी आहे, हे ती हिशेबात धरायला विसरली होती.

दुसऱ्या दिवशी रस्त्यात एक उंच माणूस तिच्यापुढे येऊन थांबला. तिने ओळखलं नाही. तेव्हा त्याने तळहात नाकातोंडावर धरला, आणि वर ते डोळे उरले.

"अच्छा, दाताचे डॉक्टर," ती म्हणाली. "आजी जेवल्या का?"

"जेवल्या. आणि कवळी सैल आहे म्हणून मला ओरडल्या." तो थोडा घुटमळला. "काल तुमचा फोन... मोठ्याने चालू होता. माझी शेड रिकामी असते. लावा तुमची गाडी."

"काल तर तिच्यात तुमची गाडी होती."

"हो. काल होती."

"आणि आज?"

"आज तिची दुसरीकडे सोय झालीये."

"भाडं किती घ्याल?"

"भाडं नको. क्लिनिकच्या नळाचं पाणी तेवढं तपासून द्या. पेशंट चूळ भरतात त्याने."

हा व्यवहार तिला पटला नाही, पण पहिली तारीख जवळ होती. काकूंनी शेडची नोंद करून हप्ता खाली आणला. जाता जाता बजावलंही, "बारीकसारीक पोचा पडला तर क्लेम करत बसू नकोस हं. वर्षभर क्लेम नाही केलास की पुढच्या वर्षी सूट मिळते." तिला ती नमुने आणायची जागा मिळाली. हातात पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणि केसांत डोंगरातली धूळ घेऊन ती रोज संध्याकाळी परतू लागली.

शेड अरुंद होती. गाडी उलटी घालावी लागे. मागच्या भिंतीशी डॉक्टरच्या वडिलांची दात तपासायची जुनी खुर्ची होती, तिला धक्का लागता कामा नये. म्हणून तो आत बाजूला उभा राहून हात हलवायचा. "या... या... थोडं डावीकडे... या... बास." ती बाजूच्या आरशात बघायची. तो आरसा बहिर्वक्र. त्यात माणूस असतो त्याहून लहान आणि लांब दिसतो, हे तिला शाळेपासून माहीत होतं. तरी गाडीतून उतरल्यावर तो इतका जवळ कसा, याचं तिला रोज नव्याने आश्चर्य वाटायचं.

मग थोडा वेळ गप्पा. बसायला जागा एकच, ती खुर्ची. आणि ती अर्धवट आडव्या अवस्थेत कायमची अडकलेली. ती खुर्चीत जवळजवळ झोपून बोलायची, तो उलट्या बादलीवर बसायचा. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की दोघांना आवाज चढवावा लागे, नाहीतर जवळ सरकावं लागे. तो आवाज चढवायचा. ह्याचा अर्थ काय लावायचा?

"तोंड उघडा, असं नाही ना म्हणणार?" तिने एकदा विचारलं.

"गरज नाही. तुमचे दात चांगले आहेत."

"न तपासताच?"

"तुम्ही हसता तेव्हा दिसतात. म्हणजे... सगळेच दिसतात."

ती रात्री आरशासमोर हसून बघत राहिली. हे कौतुक होतं की निदान?

"कोपऱ्यावर झाडाखाली ती राखाडी गाडी कुणाची हो?" दुसऱ्या एका संध्याकाळी ती म्हणाली. "पाखरांनी पांढरी करून टाकलीये. धुवायचं नाव नाही. कसला निष्काळजी माणूस असेल."

"असेल बिचारा," तो बादलीवरून म्हणाला, आणि एकाएकी बुटाची नाडी बांधू लागला. बुटाला नाडी नव्हती. तिने ते पाहिलं, पण त्याचं काय करायचं ते तिला कळेना.

शेवटी तिने एक प्रयोग केला. एके दिवशी मुद्दाम फार उशिरा आली. तो वाट पाहत थांबला असेल तर एक निष्कर्ष, नसेल तर दुसरा. शटर उघडं होतं, दिवा चालू होता, तो होता. पहिला निष्कर्ष, असं तिने मनात नोंदवलं. तेवढ्यात शेजारच्या क्लिनिकमधून गाल धरून एक गृहस्थ बाहेर आले. अक्कलदाढ. प्रयोग फसला.

"एक गाडी लावायला एवढा वेळ?" आईने दारातच विचारलं.

"शेड अरुंद आहे."

"हो का. मला वाटलं, लांब आहे."

मग एका सुट्टीच्या दुपारी काकू घरी आल्या. चहात बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाल्या, "ते तुमच्या समोरचे दाताचे डॉक्टर. काय नमुना माणूस आहे. इतक्या वर्षांत एक क्लेम नाही, गाडीला ओरखडा नाही. आणि मध्यंतरी स्वतःहून फोन केला. म्हणाले, माझी गाडी आता रात्री रस्त्यावर असते, नोंद करा. अगं, लोक रस्त्यावर लावतात आणि शेड सांगतात. ह्यांनी शेड असून रस्ता सांगितला. मी म्हटलं, हप्ता वाढेल. तर म्हणे, वाढू दे, शेड भरलीये."

आईने फक्त मुलीकडे पाहिलं.

ती उठून खिडकीशी गेली. वरून त्या राखाडी गाडीचं टप पांढरंफटक दिसत होतं. तिला आधी लाज वाटली, मग राग आला, मग काहीतरी आलं ज्याला तिच्याकडे शब्द नव्हता. न सांगता कुणी आपल्यासाठी भुर्दंड सोसावा, हे चांगलं की वाईट? आणि सांगितलं का नाही? सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून, की होतं म्हणून?

संध्याकाळी तिने गाडी शेडकडे नेलीच नाही. कोपऱ्यावर झाडाखाली, राखाडी गाडीच्या मागे लावली, आणि शेडची किल्ली घेऊन शेडमध्ये गेली. तो दिवा लावून उभा होता.

"ही घ्या. उद्या काकूंना सांगते, माझी गाडी रस्त्यावर असते."

त्याच्या लक्षात आलं. "तुमचा हप्ता वाढेल."

"तुमचाही वाढलाय."

"मला झेपतो. तुमचं काम जाईल..."

"गेलं तर जाईल. उसन्या छपरावर नाही टिकवायचं मला ते. तुम्ही मला विचारलं का नाहीत?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हटलंच असतं. पण तुम्ही असं केलंतच का? नीट सांगा. मला नीट सांगितल्याशिवाय कळत नाही."

एक पाखरू पत्र्यावर टकटक चालत गेलं.

"तुमचे दात चांगले आहेत," तो शेवटी म्हणाला.

"हे मागेही म्हणाला होतात."

"सगळेच चांगले आहेत. एकही किडका नाही. मग तुम्ही रोज इकडे यावं कशासाठी? मला दुसरं निमित्तच सापडेना..."

तिला बसावंसं वाटलं. ती खुर्चीत टेकली, आणि खुर्चीने नेहमीप्रमाणे तिला आडवं केलं. मान वळवून ती भिंतीपासून शटरपर्यंत बघत राहिली. बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली.

"डॉक्टर, ही खुर्ची हलवली तर दोन गाड्या एकामागे एक मावतील."

"मावतात. मी मोजलंय."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"मग हलवली का नाहीत?"

"मग तुम्ही बसला कुठे असतात?"

आत्तापर्यंतच्या सगळ्या गोष्टी तिच्या डोक्यात हळूच आपापल्या जागी जाऊन बसल्या. खुर्चीतून उठायला तिने हात पुढे केला, आणि त्याने तो धरला. उठून झाल्यावरही सोडायचं दोघांनाही सुचलं नाही.

खुर्ची क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत गेली. तिला पाहून पहिलाच पेशंट दारातून परत फिरला. मग तिने स्वतःची गाडी आत अगदी भिंतीपर्यंत नेली. आता त्याची गाडी उलटी यायची होती. भिंतीशी बाजूला उभी राहून तिने त्याच्यासारखेच हात हलवले.

"या... या... थोडं उजवीकडे... या... बास. बास म्हणतेय ना."

ठक्.

तो उतरला. दोघांनी वाकून पाहिलं. तिच्या पुढच्या बंपरला बोटाएवढा पोचा.

"इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही म्हणे," ती म्हणाली. "क्लेम करू?"

"काकू काय म्हणतात?"

"बारीकसारीक पोच्यासाठी करू नकोस म्हणतात. शिवाय कंपनीला कारण द्यावं लागतं."

"द्या की. चालक आरशात बघत होता."

"आरशात बघत असता तर ठोकली नसतीत."

"आरशात तुम्ही होतात."

ती गोंधळली, पण आता सवयीने. "त्या आरशात माणूस लांब दिसतो," ती म्हणाली.

"तेच तर," तो म्हणाला. "मला वाटलं, अजून बरंच अंतर आहे."