अलार्मखालची सवत

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या मुलीच्या, आमच्या ताईच्या, बाबतीत हे घडलंय, आणि शेवटचा थोडा भाग मी स्वतः पाहिलाय. खोटं वाटलं तर सोडून द्या, पण हसू नका. आधी मीही हसले होते.

थंडीचे दिवस होते. नदीवरच्या मोठ्या पुलाच्या अलीकडे गाड्यांचा एक तळ आहे. साध्या गाड्या नाहीत, आत राहता येतं अशा. गॅस, पलंग, संडास, सगळं आत. लोक येतात, पाणी भरतात, वीज जोडतात, थोडे दिवस राहतात नि पुढे जातात.

दिवेलागणीची वेळ. ताईनं गाडीतल्या गॅसवर कांदा परतायला घेतला, आणि...

पीऽऽप! पीऽऽप! पीऽऽप!

बरोबर डोक्यावर. धुराचा अलार्म.

ताईच्या हातातला झारा खाली पडला.

तिचं लग्न होऊन जेमतेम आठवडा झाला होता. चाळिशी उलटल्यावर झालेलं लग्न, पण नवरी ती नवरीच. दाजी पुलांची तपासणी करतात. पुलाखाली दोरीला लटकायचं, हातोडीनं ठोकायचं, कुठं पोकळ वाजतंय ते ऐकायचं. एक पूल झाला की दुसरा. त्यामुळे सगळा संसार गाडीत. मी ताईला चिडवायचे, "तुझं सासर डिझेलवर चालतं गं!"

सासू नाही, नणंद नाही. कुणाची कटकट नाही.

फक्त एक जण होती...

पहिली.

दाजींची पहिली बायको. आजारपणात गेली, दवाखान्यात गेली, गाडीत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण संसार तिनं याच गाडीत केला होता. पडदे तिनं शिवलेले. फळ्यांवर डबे कसे बसवायचे तेही तिनंच ठरवलेलं. ताई तिचं नाव कधी घ्यायची नाही. 'पहिली' म्हणायची आणि म्हणताना नाक मुरडायची.

तर त्या संध्याकाळी दाजी धावत आले. छताची झडप उघडली, टॉवेलनं वारा घातला. अलार्म गप्प झाला.

"जागा एवढीशी आहे ना," ते म्हणाले. "जरा वाफ झाली की ओरडतो. खिडकी उघडून करत जा."

"पहिलीच्या वेळी पण ओरडायचा?"

दाजी म्हणजे सरळ माणूस. बायकोच्या प्रश्नाला कधी खरं उत्तर द्यायचं नसतं, एवढंही त्यांना कळत नाही. नीट आठवून म्हणाले, "नाही बुवा. तिच्या वेळी कधी वाजल्याचं आठवत नाही."

झालं! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण ताई काही साधीसुधी बाई नाही. मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये तिनं उभं आयुष्य काढलंय. दोनशे पोरी रोज तिच्या हातचं जेवायच्या नि बोटं चाटायच्या. अशा बाईला एक छोटीशी पांढरी डबी बोंबलून सांगणार की तुला स्वयंपाक येत नाही?

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखा लावला, आणि नुसतं सूप उकळायला ठेवलं.

पीऽऽप!

मग झाकण ठेवून बटाटे उकडले.

पीऽऽप!

आणि मग ती सकाळ आली. दाजींनी स्वतः पाव भाजायला ठेवला आणि फोनवर साहेबांशी बोलत बाहेर गेले. पावाचा कोळसा झाला. गाडीभर काळा धूर. ताई खोकत खोकत वर बघत राहिली. आता वाजेल... आता वाजेल...

काही नाही.

अलार्मचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता. म्हणजे बंद नव्हता. जागा होता.

"बघितलंस?" ताई मला फोनवर म्हणाली. "ह्यांच्या कोळशाला गप्प, आणि माझ्या सुपाला बोंब!"

मी खो खो हसले. म्हटलं, "अगं, डबी बिघडली असेल. बदलून टाक."

तिनं बदलली. तळावरचा वायरमन नवीन अलार्म घेऊन आला. गॅसपासून लांब, पार पलंगाकडच्या टोकाला बसवला. "आता फटाके लावा मावशी, वाजायचा नाही," असं म्हणून गेला. ताईनं मासे तळायला घेतले. वायरमन फाटकापर्यंतही पोचला नसेल...

पीऽऽप! पीऽऽप!

शेजारच्या गाडीत एक आजी-आजोबा राहायचे. आजी दारात येऊन हसायला लागल्या. "अगं पोरी, तुला कुणी सांगितलंच नाही होय? अंघोळीची टोपी! आम्ही सगळे तेच करतो. रांधायच्या आधी अलार्मवर चढवायची, झालं की आठवणीनं काढायची."

एवढं सोपं! ताईचा जीव भांड्यात पडला. तिच्याकडे टोपी नव्हती. तिनं बेसिनखालचा खण उपसला. एकदम तळाशी एक फिकट निळी टोपी सापडली. कुणाची, कशाची, असा विचारही तिनं केला नाही. घाईघाईत अलार्मवर चढवली आणि भाजी फोडणीला टाकली.

आवाज नाही.

ताई खुशीत गुणगुणायला लागली. भाजी ढवळली, आच कमी केली. सहज वर बघितलं...

टोपी हलत होती.

वारा नव्हता. पंखा बंद होता. टोपी हळूच आत ओढली जायची... थांबायची... मग फुगायची.

परत आत... परत बाहेर...

श्वास घेतल्यासारखी.

ताई जागच्या जागी थिजली. तेवढ्यात दार उघडलं. दाजी कामावरून आले होते, हेल्मेट अजून डोक्यावरच. त्यांची नजर वर गेली आणि चेहऱ्याचा रंगच उडाला.

"ती कुठून काढलीस?"

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. पलंगावर चढून त्यांनी टोपी उतरवली. हातानं सरळ केली, हळुवार घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"तिची आहे," एवढंच म्हणाले.

आणि टोपी निघाल्या निघाल्या, पीऽऽप!

त्या दिवशी ताई फोनवर रडत होती. मला वाटलं भीतीनं. ती म्हणाली, "भीती कसली डोंबलाची! माझं काय जळतंय सांगू? माझी ओढणी आठवडाभर खुर्चीवर पडलीय. तिला हात नाही लावला ह्यांनी. आणि मेलेल्या बाईच्या टोपीची घडी घालतात!"



दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी पुलावर होते. ताईला भूक लागली. तिनं स्वतःपुरतं एक अंडं फोडलं, तव्यावर टाकलं आणि कानावर हात ठेवून उभी राहिली.

शांत.

अंडं झालं, तिनं उभ्या उभ्या खाल्लं. शांत. तिला वाटलं, सुटले बाई एकदाची. हे येतीलच आता जेवायला, ह्यांच्यासाठीही करून ठेवावं. दुसरं अंडं फोडलं. ते तव्याला लागतंय न लागतंय तोच...

पीऽऽप! पीऽऽप!

ताईला एक शंका आली. तिनं गॅस बंद केला आणि वर बघून मोठ्यानं म्हटलं, "हे पण माझंच आहे. मीच खाणार आहे."

आवाज थांबला.

"बरं... मग ह्यांना देऊ?"

पीऽऽप!

गॅस बंद. धूर नाही, वाफ नाही. तवासुद्धा निवत आलेला. ताई तिथंच खाली बसली.

"कळलं का तुला?" तिनं मला विचारलं. "माझ्या स्वयंपाकाशी तिचं काही वाकडं नाही. ह्यांच्या ताटाला मी हात लावायचा नाही, एवढंच."

या वेळी मी हसले नाही. म्हटलं, "ताई, उतर त्या गाडीतून. आत्ताच्या आत्ता माझ्याकडे ये."

"मी का उतरू?" ताई कडाडली. "तिचं आटपलंय! आता नवरा माझा आहे."

आणि तिनं जे केलं, ते तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

संध्याकाळी दाजींना समोर बसवलं आणि साग्रसंगीत स्वयंपाक काढला. पहिला कांदा चिरल्यापासून अलार्म बोंबलायला लागला. ताई थांबली नाही. दाजी म्हणाले, "अगं राहू दे, मी करतो काहीतरी." ताई म्हणाली, "तुम्ही बसा." शेजारच्या गाड्यांची दारं उघडली. आजोबा येऊन काच ठोकायला लागले. ताई आतून ओरडली, "आग नाही लागली, स्वयंपाक चाललाय!"

मग वर बघून म्हणाली, "ओरड! ओरड घसा फाटेपर्यंत! तुझे दिवस संपले. ह्यांना मी वाढणार. रोज वाढणार."

आवाज वाढला. टेबलावरचे चमचे थरथरायला लागले. दाजींनी कान दाबून धरले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. ताईनं ताट वाढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

"जेवा."

दाजींनी एक घास घेतला.

आणि...

एकदम शांत.

नदीचं पाणी ऐकू येत होतं. बाहेर आजी काहीतरी पुटपुटत होत्या, तेही ऐकू येत होतं. हिरवा दिवा लुकलुकत होता, पण आवाज नाही. ताई सांगते, त्या क्षणी तिला इतका आनंद झाला, की लग्नातसुद्धा झाला नव्हता. जिंकली होती ती! नवरा तिचा होता आणि तिच्या हातचं जेवत होता.

दाजी घास चावत होते.

चावता चावता थांबले.

मान जराशी बाजूला कलवली. कुणीतरी कानाशी लागावं तशी... आणि ते हसले. लाजरं, जुन्या ओळखीचं हसू. ताईला ते कधी मिळालं नव्हतं.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"काही नाही," दाजी म्हणाले. "मीठ जरा कमी आहे म्हणते."

ताईच्या हातातला डाव हातातच राहिला.

"कोण म्हणते?"

दाजींनी तिच्याकडे पाहिलं, झोपेतून उठल्यासारखं. "मी काही बोललो का?" आणि परत जेवायला लागले.

ताईनं भाजीत बोट बुडवून तोंडात घातलं.

मीठ खरंच कमी होतं.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. गाडी दुसऱ्या पुलाशी होती. आता अलार्म अजिबात वाजत नाही. मी होते तेव्हाही नाही वाजला. ताई बारीक झालीय. भाजी झाल्यावर तिनं आधी चमचाभर दाजींना दिली. दाजींनी चाखली, मान कलवली, थोडा वेळ तसेच राहिले, मग म्हणाले, "हं, चालेल." तेवढा वेळ ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. परीक्षेचा निकाल लागायच्या आधी पोरी बघतात ना, तशी. मग तिनं ताटं वाढली.

मी ताट बाजूला सारलं. मी तिला हात धरून बाहेर आणलं.

"ताई, हे काय चाललंय? बॅग भर आणि चल माझ्याबरोबर."

ताईनं खिडकीतून आत पाहिलं. दाजी टेबलाशी एकटेच बसले होते. एकटेच, पण ओठांवर तेच हसू होतं.

"मी उतरले ना," ताई हळूच म्हणाली, "की हे पुरते तिचे होतील."

तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. भीती असती तर मी तिला ओढून नेलं असतं. जे होतं, त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

परत जायचा धीर मला झालेला नाही. फोन मात्र रोज करते, बहीण आहे शेवटी. जेवायच्या वेळेलाच करते आणि विचारते, "जेवलीस का गं?"

रोज तेच उत्तर येतं, अगदी हळू आवाजात.

"दोघांचं होऊ दे. मग मी बसते."