बाहेर पडल्यावरचा केर

वीणा, चहा मागाहून ठेव. आधी ऐक.

रणजीतला मी सोडलं ते भर सकाळी, अकराच्या उन्हात. तो पीण्या भागातल्या कारखान्यात गेला की जयनगरचं घर संध्याकाळपर्यंत माझंच. घरात संगणक एकच. घरी आला की तो सगळा चाळायचा: मी काय उघडलं, कुणाला लिहिलं. म्हणून मी शिकवणीच्या नावाखाली संगणकाच्या पोटात दुसरा संगणक थाटला होता, व्हर्च्युअल मशीन. त्याला माझा पासवर्ड. घर शोधणं, भाडेकरार, सगळं त्यात.

पण ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर महा चोंबडं. बाहेर बसून लॉग, म्हणजे नोंदी, लिहितं: कधी चालू झालं, कुठली फाइल जोडली, सगळं नावानिशी. ते बंद करायला सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालायची असते. त्या सकाळी मी ती घातली, जुने लॉग पुसले, मशीन बंद केलं आणि बॅग घेऊन रिक्षात बसले.

लालबागपाशी एकदम ध्यानात आलं. ओळ घातली तेव्हा मशीन चालूच होतं! अशी ओळ मशीन बंद होताना उडून जाते. म्हणजे आजचा लॉग तसाच होता, आणि त्यात करारपत्राच्या फाइलचं नाव. त्या नावातच हेब्बाळच्या नव्या घराचा पत्ता. रणजीत सातला संगणकापुढे बसणार आणि आठला माझ्या दारात येणार.

"अण्णा, रिक्षा परत जयनगरला घ्या," मी रिक्षावाल्याला म्हटलं.

दार मी ओढून घेतलं तसंच बंद होतं. किल्ली फिरवली आणि आतून आवाज आला. सर्र... सर्र... केरसुणीचा. संगणकाच्या खोलीतून. ती खोली माझ्या सासूबाईंची. अंबुबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या लुगड्याला यायचा तो कापराचा वास आला.

"कोण आहे...?"

आवाज थांबला.

खोलीत कुणी नव्हतं. मी बंद केलेला संगणक मात्र चालू होता. मशीनच्या फोल्डरमध्ये एकही लॉग नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये माझी ओळ जागच्या जागी. आणि फरशी लख्ख झाडलेली, दाराशी केराची लहानशी ढिगली.

सासूबाई कुणी गावाला निघालं की दिवसभर केर काढू द्यायच्या नाहीत. "थांब की ग हर्षिता. लगेच केर काढलास तर गेलेलं माणूस परत येत नाही." रणजीत हात उगारायचा तेव्हा याच बाई गप्प बसायच्या. फार राग होता मला त्यांचा. त्या दिवशी मात्र उंबऱ्यावर बसून पोटभर रडले. भीती होतीच, पण सुटल्याचा आनंद तिच्याहून मोठा होता. किल्ली आत ठेवली आणि दार ओढलं.

आठ महिने झाले. रणजीतनं संगणक कुणाकडून तरी तपासून घेतला म्हणे. हाती धुपाटणंही आलं नाही. मी निवांत झोपायला लागले. हेब्बाळला ऑफिसला निघताना मुद्दाम केर तसाच ठेवते. संध्याकाळी तो तसाच दिसला की जीव भांड्यात पडतो.

आज परतले तर घर झाडलेलं होतं. दाराशी ढिगली. कुलूप शाबूत. म्हणजे आता या घरीही परतू नकोस, असंच सासूबाईंचं सांगणं.

बॅग भरली आणि थेट तुझ्याकडे आले. आता ठेव चहा. मला बरं वाटतंय ग, खरंच... कुणीतरी पाठीशी आहे. फक्त एक कर. उद्या मी कोपऱ्यावरच्या दुकानात जरी गेले, तरी मी परत येईपर्यंत केर काढू नकोस.