राघूचं नाक

दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. सुट्टीत आजोबांकडे आलेली शलाका अंगणातून आत आली तेव्हा स्वयंपाकघरात वास कोंडला होता. तिने आधी शेगडी बंद केली, मग खिडक्या उघडल्या. दिव्याच्या बटणाला हातही लावला नाही. आजोबा मात्र तिथेच खुर्चीत शांतपणे वाचत बसले होते. मोठ्या आजारपणापासून त्यांना कसलाच वास येत नसे.

"राघू, तू तरी सांगायचंस ना!" पाठमोऱ्या, भांडी घासणाऱ्या यंत्रमानवावर ती चिडली.

"मला डोळे आहेत, कान आहेत," राघू म्हणाला. "वास म्हणजे काय, ते मला ठाऊक नाही."

पुण्याला आईने फोनवर हे ऐकलं आणि तिचा आवाजच बदलला. "बाबा, आता पुरे. तुम्ही पुण्याला या."

रत्नागिरीचं घर, मागच्या पडवीतली प्रयोगशाळा, सगळं सोडायचं? आजोबा उठून पडवीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. शलाकाला ते बघवेना.

"आजोबा, यंत्राला नाक करता येतं?"

आजोबांनी चष्मा पुसला. "चल, करून पाहू."

पडवीत त्यांनी पांढरी पूड दाखवली. "हे कथिलाचं ऑक्साइड (कथिल आणि ऑक्सिजन यांचं संयुग). गुळाच्या ढेपेवर मुंग्या कुठे बसतात?"

"बाहेरून."

"आणि चुरा केला तर?"

"कितीतरी जास्त मुंग्या बसतील!"

"म्हणून हे नॅनोकण (केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक कण). ते तापवले की हवेतला ऑक्सिजन त्यांना चिकटतो आणि त्यांचे इलेक्ट्रॉन (वीज वाहून नेणारे कण) अडवून धरतो. वीज कशीबशी वाहते. पण स्वयंपाकाचा गॅस आला, की त्याची त्या ऑक्सिजनशी रासायनिक क्रिया होते. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, आणि..."

"वीज जोरात वाहते! ती मोजली, की गॅस आला हे कळलं!"

"शाबास. यालाच संवेदक (बदल टिपणारं साधन) म्हणतात."

पहिला संवेदक फसला. पूड भाजताना भट्टी जास्त तापली आणि कण एकमेकांना चिकटून जाड झाले. आजोबांचे हात थरथरत होते, म्हणून दुसऱ्या वेळी चिनी मातीच्या छोट्या तुकड्यावर पुडीचा लेप शलाकाने लावला. तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा त्यांनी राघूच्या कपाळात बसवला.

आई आजोबांना न्यायला आली ती बॅगा घेऊनच. आजोबांनी तिला शेगडी न पेटवता क्षणभर गॅस सोडायला सांगितलं. राघू झटकन वळला, शेगडी बंद केली, खिडकी उघडली.

"गॅस आहे. बाहेर चला," तो म्हणाला.

आईने बॅगा कोपऱ्यात सरकवल्या. मग तिने आजोबांचा हात हातात घेतला. "राहा इथेच, बाबा. पण रोज फोन करायचा."

संध्याकाळी आजोबा नि नात पायरीवर बसले.

"राघूला फुलांचेही वास ओळखता येतील?"

"एका संवेदकाने नाही. जस्ताचं, टंगस्टनचं, अशी वेगवेगळी ऑक्साइडं एकत्र लावली, तर येतील. ते तू मोठी झालीस की कर."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत तू सांग. कुंपणाजवळ सुरंगी फुललीय ना? कसा येतोय वास?"

शलाकाने डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि आजोबांसाठी शब्द शोधू लागली.