पाणकोंबडी आणि पाण्यातले दार

सहाही बोयांना वळसे घातले, एकदाही तोल गेला नाही, आणि गुण मिळाले शून्य! असे कसे होऊ शकते? वेणूसागराच्या धक्क्यावर निथळत उभी राहून मी, बारा वर्षांची केतकी शेलार, हेच विचारत होते.

ही गोष्ट माझ्या लहानपणची. आमच्या जलाशयावर तेव्हा उन्हाच्या विजेवर चालणाऱ्या आणि स्वतःच स्वतःला हाकणाऱ्या नावा नुकत्याच आल्या होत्या. त्यांतली एक आमच्या वॉटर स्कीइंगच्या वर्गाला मिळाली. आम्ही तिला पाणकोंबडी म्हणत असू. काठावरच्या जुन्या नावाडी बायकांचे बोलणे ऐकवून तिला बोलायला शिकवले होते. त्यामुळे ती सगळ्यांना ‘बाय’ म्हणे, मुलग्यांनासुद्धा.

खेळ असा असतो. नाव सरळ रेषेत धावते. तिला बांधलेली दोरी धरून आपण मागे, एकाच स्कीवर (पाण्यावर घसरणाऱ्या लांब पट्टीवर) दोन्ही पाय ठेवून उभे असतो. नाव वळत नाही, आपणच तिच्या डावी-उजवीकडे झोके घेत सहा बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्यांना) वळसा घालायचा. पण त्याआधी दोन बोयांचे एक दार असते. नावेच्या डाव्या अंगाला लांब जायचे, मग आडवे कापत बरोबर त्या दारातून आत शिरायचे.

“दार चुकलं, केतकी,” आमच्या प्रशिक्षक भोइटे बाई म्हणाल्या. “दार चुकलं की पुढचं काहीही मोजत नाहीत.”

“घरात दारातून जातात गं, खिडकीतून नाही,” माझा चुलतभाऊ सिद्धेश हसत म्हणाला.

मला रडू येत होते. रविवारी निवड होती. केरळला जाणाऱ्या संघात एकच जागा उरली होती, आणि सबंध वर्ष मी तिच्यासाठी घाम गाळला होता.

“मी दाराकडेच तर बघत होते! डोळ्यांत तेल घालून!”

“तिथंच तर चुकतंय, बाय,” पाणकोंबडी धक्क्याला घासत म्हणाली.

आमच्या गावात पोर चालायला लागले की खो-खोच्या मैदानावर जाते. नजर खांबावर ठेवायची आणि खांब आवाक्यात आला की झेप घ्यायची, हे माझ्या अंगातच मुरले होते. पाण्यातही मी तेच करत होते. दार जवळ आले की वळत होते.

“मैदान जागचं हलत नाही, बाय. पाण्यावर तू आडवी निघालीस तरी मी तुला पुढं ओढतच असते. सिद्धेशबाय, दोरी घे. आज तू नाव.”

“मी? मग हॉर्न कोण वाजवणार?” म्हणत सिद्धेशने खरेच तोंडाने भोंगा वाजवला आणि दोरी कमरेला बांधली. त्याच्या चपला दोन बाजूंना ठेवून आम्ही दार केले. तो एका चालीने सरळ निघाला. दोरी ताणून धरत मी त्याच्या मागे, डावीकडे चालू लागले. चपला जवळ आल्यावर मी आडवी वळले. दोरीने मला पुढे नेले, आणि मधोमध पोहोचेपर्यंत चपला मागे राहिल्या होत्या!

“कळलं? आडवं यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात तू पुढंही सरकतेस. म्हणून दार लांब असतानाच निघायला हवं,” पाणकोंबडी म्हणाली.

“पण किती लांब? पाण्यालगतच्या इतक्या कमी उंचीवरून ते दोन गोळे एकाला एक चिकटल्यासारखे दिसतात.”

“मग दाराकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. मी तर तुझ्यासमोरच असते, आणि दारातून तुझ्या आधी जाते. तुझ्या माझ्यात दोरीइतकं अंतर. माझं नाक दारात शिरलं की तू वळ.”

सिद्धेश पुन्हा निघाला. त्याचे पाऊल चपलांमध्ये पडताच मी वळले आणि अलगद दारातून आत आले. एका हलत्या वस्तूवरून दुसरी कशी हलताना दिसते, त्याला सापेक्ष गती म्हणतात, असे पाणकोंबडीने मग सांगितले. त्या दिवशी मला तो शब्द नुसता पाठ करावा लागला नाही.

रविवारी पहिल्या फेरीत मी नावेच्या नाकावर नजर ठेवली आणि दार साधले. आणखी एक मुलगीही सफाईने पार झाली. अशा वेळी दोरी आखूड करतात. भोइटे बाईंनी दोरीचा एक लाल तुकडा सोडवून धक्क्यावर टाकला. आमच्या ओट्याएवढा लांब होता तो. ती मुलगी आधी गेली. नेहमीच्याच क्षणी वळली आणि दाराच्या बाहेरून निघून गेली.

“ती का चुकली?” मी पाणकोंबडीला विचारले. पण स्पर्धेत नावेने बोलायचे नसते.

मी पाण्यात उतरले. तो लाल तुकडा डोळ्यांपुढून हलत नव्हता. दोरी आखूड, म्हणजे मी नावेच्या जवळ. म्हणजे नावेमागोमाग मी दारापाशी लवकर पोहोचणार. पण आडवे यायला तर तेवढाच वेळ लागणार! मग निघायला हवे आधी. किती आधी? त्या लाल तुकड्याएवढे!

नाव सुटली. मी डावीकडे लांब गेले. नावेचे नाक दाराला लागायला एका ओट्याएवढे पाणी उरले होते. सगळे अंग ‘अजून थांब’ म्हणत होते. मी वळले. स्कीखाली पाणी फाटत गेले, दोन गोळे झपकन दोन्ही बाजूंनी मागे सरले, आणि मी आत होते!

सहावा बोया पार झाल्यावर काठावरून सिद्धेशने असा काही भोंगा वाजवला की बगळे उडाले. नाव थांबल्यावर मी पोहत जाऊन तिच्या ओल्या कडेला गाल टेकवला.

“तू शिकवलंस म्हणून.”

“छे गं. मी आपली सरळ गेले,” पाणकोंबडी म्हणाली. “लाल तुकड्याचं मी कुठं सांगितलं होतं?”

खरेच, तेवढे तिने माझ्यासाठी ठेवले होते. त्याबद्दल मी आजही तिचे मनोमन आभार मानते. पुढे चंद्राभोवती फिरणाऱ्या स्थानकाला अवकाशयाने जोडायचे काम मी पुष्कळ वर्षे केले. तिथेही यान आणि स्थानक दोन्ही धावतच असतात, आणि दारापाशी वेळेवर पोहोचावे लागते. आता मंगळाभोवती पहिले स्थानक उभे राहते आहे. त्याच्या दारात शिरायची वेळ साधणारी मुले आज कुठल्यातरी शाळेत बसली असतील. कदाचित त्यांच्यातलेच कुणी हे वाचतही असेल.