रिकाम्या घरांचा धूर

वैशाखाच्या अखेरीस, पहाट फुटत असताना, कासवदुर्गाच्या दर्याकडच्या उतारावरून धुराच्या रेषा वर चढू लागल्या, आणि खाडीच्या मुखाशी नांगर टाकून बसलेल्या फिरंगी गलबतांवरचे पहारेकरी रोजच्याप्रमाणे माना वळवून तिकडे पाहू लागले. एवढ्या चुली म्हणजे एवढी घरे, एवढी घरे म्हणजे एवढ्या तलवारी, असा त्यांचा साधा हिशेब होता. या हिशेबापायीच फिरंग्याच्या तोफा इतके दिवस मुक्या राहिल्या होत्या.

हिशेब खोटा होता. अहो, त्यांतल्या बहुतेक घरांत माणूसच नव्हते!

एके काळी मस्कत-बसऱ्याच्या बाजारात कासवबंदराचा शिक्का असलेला कापडाचा तागा कोणी उलगडूनसुद्धा पाहत नसे, येथल्या सुतारांच्या हातच्या गलबतासाठी एडनचा व्यापारी वर्ष वर्ष वाट पाही, आणि गडासमोरून जाणारे जहाज, मग ते कोणत्याही बादशहाचे असो, निशाण उतरवून मुजरा करूनच पुढे सरके. हा दबदबा काही तोफांचा नव्हता, माणसांचा होता. मग मोडशीची, म्हणजे पटकीची, साथ आली आणि घरेच्या घरे बसली. जे तरणे खलाशी, विणकर वाचले ते पगाराच्या ओढीने परक्या बंदरांना लागले. माणसे गेली तशी पतही गेली. परदरबारचे वकील येईनासे झाले, जहाजे निशाण न उतरवता जाऊ लागली, आणि शेवटी हे फिरंगी बंदराचा ताबा मागत थेट दारात येऊन बसले. गडावर राहिले होते मूठभर म्हातारे, बायका, लेकरे, आणि या सर्वांच्या धनीण, विधवा देसाईण चिमाबाईसाहेब.

धुराची युक्ती वृद्ध किल्लेदार सटवोजी तावड्यांची. मृग निघाला की दर्या खवळणार आणि फिरंग्याला नांगर उचलणे भाग पडणार, तोवर गड भरलेला दिसला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. म्हणून रोज पहाटे गावच्या बायका ओस घरांत शिरत, थंड चुलींत ओल्या गोवऱ्या आणि नारळाची सोडणे पेटवत आणि डोळे चोळत बाहेर येत. इकडे वाटाघाटी लांबवण्यासाठी बाईसाहेबांनी आपले धाकटे दीर रवळोजी यांना वकील म्हणून फिरंग्याच्या गलबतावर ठेवले होते. सासूने मरताना हे तान्हे पोर त्यांच्या ओटीत घातले होते. पोटचे मूल नव्हतेच, त्यांनी यालाच लेक मानले.

मृग आता हाकेच्या अंतरावर आला होता. आणि नेमके त्याच पहाटे सटवोजींनी प्राण सोडला. सुतकामुळे गडावरचा रोजचा चौघडा बंद राहिला.

बाईसाहेब मयतापाशी बसून होत्या. उजाडल्यावर त्यांनी सदरेवरून खाली पाहिले. धूर होता, पण रोजच्या जागांपैकी कित्येक जागा मोकळ्या होत्या. त्यांनी गाबतांच्या, म्हणजे मासेमारांच्या, आळीतल्या सोनूआजीला हाक मारली.

"सोनूआजी, तुमच्या आळीत आज धूर का नाही?"

"असा कसा इचारतास, बाईसाहेब?" म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. "किल्लेदार आमचो बापूस. मयत उठल्याबिगर गावात चूल पेटता काय कधी? आमी आमच्यो चुली नाय पेटवल्यो."

"आणि तो धूर कुठला?"

"तो रिकाम्या घरांचो. तुमचो हुकूम मोडूचो नाय म्हणून थय पेटवलो. रिकाम्या घरांक सुतक कसला?"

बाईसाहेबांनी पुन्हा उताराकडे पाहिले. ज्या घरांत माणूस होते ती सारी थंड, आणि जी ओस होती नेमकी तीच धुरावलेली! किती घरे रिकामी आहेत हे गडाने आपल्याच हाताने दर्यावर लिहून दाखवले होते. पण आता म्हातारीला बोलून काय उपयोग? तिने तर रीतही पाळली होती आणि हुकूमही.

"असू दे," त्या स्वतःलाच समजावत म्हणाल्या, "फिरंग्याला आपल्या रिवाजातले काय कळते? आणि त्या गलबतावर ज्याला कळते, तो आपलाच आहे."

ऊन चढता चढता एक होडी दर्यादरवाजाला लागली. रवळोजी एकटेच वर आले. अंगावर फिरंगी मखमलीचा नवा अंगरखा होता. बाईसाहेबांची नजर त्या अंगरख्यावर खिळली आणि पुढचे त्यांना न सांगताच कळू लागले.

"वहिनीसाहेब, मुजरा. कप्तानांचा निरोप आहे. सूर्य माथ्यावर यायच्या आत गड स्वाधीन करावा."

"ही भाषा कालपर्यंत नव्हती, भावजी."

"कालपर्यंत त्यांना घरे मोजता येत नव्हती, आणि माझ्या नुसत्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. आज चौघडा वाजला नाही, तेव्हा किल्लेदार गेले हे मी ओळखले. मग धूर पाहिला." त्यांनी मान खाली घातली नाही. "धूर निघतो ती घरे ओस आणि थंड ती भरलेली, हे मीच त्यांना सांगितले."

"रवळू!" बाईसाहेबांच्या तोंडून लहानपणचे नाव निघून गेले. "अरे, तू? कोणी मारून मुटकून वदवले का तुझ्याकडून?"

"कोणी नाही. वहिनीसाहेब, तुम्ही राज्य कशावर करता? धुरावर! बसऱ्यात आता आपले नाव कोणी घेत नाही. फिरंगी मला हा गड देणार आहेत, त्याबदली येथली माणसे त्यांच्या जहाजांवर राबतील. त्यांच्या जोरावर मी बंदर पुन्हा वसवीन."

"माणसे विकून बंदर वसत नसते."

रवळोजींनी अंगरखा सारखा केला. "सटवोजीकाकांना अग्नी देण्याची सवड मी मागून घेतली आहे. पुरुषांनी नि:शंक जावे. बायका-लेकरे गडावरच राहतील, तेव्हा दगाफटका नाही, अशी हमी कप्तानांना दिली आहे. आपल्यात बायका मसणात जात नाहीत, हा रिवाज त्यांनाही पटला."

जळून खाक होण्यासारखेच होते सारे, पण त्या आगीतच बाईसाहेबांना वाट दिसली.

"रिवाज विसरला नाहीत, हे बरे झाले," त्या म्हणाल्या. "कप्तानांना आमचा सलाम सांगा. मयत उठले की दर्यादरवाजा उघडा मिळेल."

होडी परत फिरली आणि बाईसाहेबांनी सारा गाव सदरेपुढे बोलावला. सटवोजींची दोन्ही मुले मोडशीत गेलेली, आगीचे मडके धरायला कोणी नव्हते. ते बाईसाहेबांनी स्वतः उचलले.

"बाईसाहेब, बायकांनी मसणात..." एक म्हातारा चाचरत म्हणाला.

"आज जायचे. सगळ्यांनी. पोर कडेवर घ्या, भांडेकुंडे सोडा. गड गेला तर उद्या दुसरा बांधता येईल. तुम्ही गेलात तर मी काय ढेकळे घेऊन बसू?"

मग डोंगराकडच्या दरवाजाने, जो दर्यावरून मुळीच दिसत नाही, किल्लेदार सटवोजी तावड्यांची शेवटची स्वारी निघाली. पुढे मडके घेतलेली देसाईण, खांदेकरी चार थकलेले म्हातारे, आणि मागे तोंडात पदर कोंबून मुकाट रडणाऱ्या लेकुरवाळ्या. सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावरच्या मसणात, किल्लेदारांना अग्नी दिला. मेल्यावरही त्यांनी सारा गाव आपल्या मागून गडाबाहेर काढला. चिता पेटती ठेवून सगळे रानात शिरले ते नदी ओलांडूनच थांबले.

माध्यान्ही फिरंगी तलवारी उपसून दर्यादरवाजातून आत घुसले. आळीआळी धुंडाळली, तर माणसाचा मागमूस नाही. कप्तानाने रवळोजींना गचांडी धरून विचारले, "माझे जहाज भरायला, शीड शिवायला माणसे कुठे आहेत?" रवळोजी पुन्हा पुन्हा एकच बोलत राहिले, "आमच्यात बायका जात नाहीत हो! कधीच जात नाहीत!" दगडांचे ओझे फिरंग्याला नको होते. त्याने तोफा काढून नेल्या आणि मृगाआधी नांगर उचलला. गड रवळोजींना मिळाला, कबूल केल्याप्रमाणे.

नदीपल्याडच्या टेकडीवर झोपड्या उभ्या राहत होत्या. एका पहाटे सोनूआजी धावत आली. "बाईसाहेब, गडार धूर! लय घरांतसून निघता! माणसां इली काय?"

बाईसाहेब बाहेर आल्या. खरेच, उतारावर एकामागून एक धूर उठत होता. एक घर धुरावले की बऱ्याच वेळाने शेजारचे, मग त्याच्या शेजारचे. घरोघर फिरणारा माणूस एकच होता.

"रवळोजींना आणायला माणूस धाडू का?" एका म्हाताऱ्याने हळूच विचारले.

बाईसाहेब नदीवर उतरल्या, नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात बसल्या आणि रवळूच्या नावाने त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली. ओलेत्याने वर आल्या तेव्हा त्यांना हुंदका आवरेना. सोनूआजीने आपल्या चुलीत नुकतीच घातलेली लाकडे बाहेर ओढली आणि त्यांवर पाणी ओतले. त्या दिवशी नदीपल्याड कोणाचीच चूल पेटली नाही.